दगडावरचा फेरफार

चीनमधल्या हांगचौ शहरात लिंगयिन नावाचे एक बौद्ध मंदिर आहे. मंदिरासमोर चुनखडीच्या दगडाचा एक डोंगर उभा आहे आणि त्याच्या कपारींत, गुहांत, ओढ्याकाठच्या कड्यांवर तीनशेहून अधिक बौद्ध शिल्पे कोरलेली आहेत. दहाव्या ते चौदाव्या शतकापर्यंत, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे तिथल्या पाथरवटांची छिन्नी चालू होती. या डोंगराचे चिनी नाव आहे 'फैलाय फंग'. अर्थ : उडून आलेले शिखर.

कुठून उडून आले? भारतातून.

कथा अशी सांगतात की इ.स. ३२६ च्या सुमारास हुइली या चिनी नावाने ओळखला जाणारा एक भारतीय भिक्खू तिथे पोचला. तो डोंगर पाहून तो चकित झाला आणि म्हणाला, हा तर आमच्याकडचा गृध्रकूट, हा इथे केव्हा उडून आला? लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने गुहेतल्या वानराला हाक मारली आणि ओळखीच्या आवाजाला ओ द्यावी तसे ते वानर बाहेर आले. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आणि हा एकटाच चुनखडीचा, त्यामुळे लोकांना कथा पटायला सोपी गेली असावी.

डोंगर उडत नाही, हे आम्हाला तथागतांनी आणि बाबासाहेबांनी शिकवले आहे. कथेच्या खरेखोटेपणात आम्हाला रस नाही. रस आहे तो तिच्यामागच्या मनात. चीनमध्ये सगळे गोडगोड चालले होते असेही कोणी समजू नये. इ.स. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगने चार हजारांहून अधिक विहार पाडले आणि लाखो भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवायला लावले. पुढे विसाव्या शतकात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली पुन्हा मूर्ती फुटल्या. इतके होऊनही त्या डोंगराचे नाव बदलले नाही. सोळाशे वर्षे चिनी माणूस आपल्या गावातल्या डोंगराकडे बोट दाखवून सांगत आला की हा भारतातून आलेला, बुद्धाचा डोंगर आहे.

आता आपल्या घरी या. आपल्याकडचे डोंगर जिथल्या तिथे आहेत, त्यांतली लेणी जिथल्या तिथे आहेत, आणि नाव मात्र उडून गेले आहे. चीनमध्ये उडाला तो डोंगर, इथे उडवली गेली ती नोंद. महसुली भाषेत बोलायचे तर जमीन तीच आणि सातबाऱ्यावर फेरफार. तलाठ्याच्या दप्तरातला फेरफार कोणी केला हे शोधायला पिढ्या जातात. विदर्भातल्या एका दगडावरचा फेरफार मात्र उघड्या डोळ्यांनी दिसतो, कारण फेरफार करणाऱ्याने स्वतःचे नाव खाली लिहून ठेवले आहे.

तो दगड देवटेकचा. देवटेक हे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागातले छोटे गाव. तिथे सापडलेली एक मोठी शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या बोलीत अजब बंगल्यात, आणली गेली. या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. पहिला अशोककाळातल्या ब्राह्मीत आणि प्राकृतात. त्यात राज्यकर्त्याची आज्ञा आहे की प्राण्यांना पकडू नये, मारू नये. म्हणजे अशोकाच्या धम्मशासनाचा हात आपल्या झाडीपट्टीपर्यंत पोचला होता याची ती सही. दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी कोरलेला, संस्कृतात. तो वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. त्यात त्याच्या धर्मस्थानाची नोंद आहे. आणि ही नोंद करण्यासाठी जुन्या लेखाचा मधला भाग छिन्नीने तासून काढला आहे.

हे कोणा आंबेडकरी कार्यकर्त्याने रागाच्या भरात लिहिलेले नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे दोन्ही लेख वाचले आणि वाकाटकांच्या शिलालेखांच्या आपल्या ग्रंथात ते छापले. रुद्रसेन महाभैरवाचा भक्त होता, त्याला अहिंसेच्या आज्ञेची मातब्बरी वाटली नाही, असा तर्कही मिराशींनीच केला आहे. मिराशी आपल्या चळवळीतले नव्हते. म्हणूनच त्यांची साक्ष जास्त मोलाची.

बाबासाहेबांनी प्राचीन भारताच्या इतिहासाला क्रांती आणि प्रतिक्रांती अशी चौकट दिली. अनेक जण विचारतात, प्रतिक्रांती दिसते कुठे? देवटेकच्या शिळेवर दिसते. वर अशोककाळाची आज्ञा, तिच्या छातीवर राजाचे धर्मस्थान. कोण म्हणेल की जुना दगड हाताशी होता म्हणून वापरला, त्या काळी दगड महाग. चंद्रपूर जिल्ह्यात दगडांचा तुटवडा होता असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

आता याच ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या सभांमध्ये ती कोणी सांगत नाही. हा रुद्रसेन भारशिव नागांच्या भवनाग राजाचा मुलीकडून नातू होता. ताम्रपटांत तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि हे भारशिव नाग शिवलिंग खांद्यावर वाहणारे म्हणून वर्णिले आहेत. म्हणजे नाग म्हटला की बौद्ध, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. तसेच वाकाटक म्हटला की बौद्धद्वेष्टा, हेही टिकत नाही. त्याच घराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशीमचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्खुसंघाला दान दिले. इतिहास असा गुंतागुंतीचा आहे. तो तसाच मांडला तरी आपली बाजू कमजोर होत नाही. उलट होते ती मजबूत, कारण मग समोरच्याला आपले एकही वाक्य खोडता येत नाही.

नागांचा विषय निघाला आहे तर पवनीला जाऊ. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर सांगितले की हे शहर आपण कोणाच्या विरोधासाठी निवडलेले नाही. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी आहे, नाग नदी इथून वाहते, म्हणून निवडले. तेव्हा अनेक विद्वानांनी भुवया उंचावल्या. पुरावा काय, असे विचारणारे आजही भेटतात.

त्या भाषणाला तेरा वर्षे झाली आणि १९६९-७० मध्ये वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला उत्खनन झाले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. गावाबाहेरच्या एका टेकडीला लोक जगन्नाथ टेकडी म्हणत, कारण वर जगन्नाथाचे मंदिर. टेकडी खणली तेव्हा कळले की ती टेकडी नव्हेच. तो विटांचा स्तूप आहे, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. भोवती दगडी वेदिका, म्हणजे कठडा, आणि वेदिकेच्या स्तंभांवर कोरीव काम.

त्या कोरीव कामात मुचलिंद आहे. संबोधीनंतर अवकाळी पाऊस कोसळला तेव्हा ज्या नागराजाने तथागतांवर आपला फणा धरला, तो मुचलिंद. पवनीच्या शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे आणि फण्याखाली बुद्धाची मूर्ती नाही, आसन रिकामे आहे. त्या काळी बुद्धाला मानवी रूपात कोरण्याची रीत नव्हती. बोधिवृक्ष, आसन, चक्र, पाऊल अशा खुणांनीच तथागत दाखवले जात. शेजारी ब्राह्मीत नागाचे नाव कोरले आहे, त्यामुळे हा कोणता नाग यावर वाद घालायलाही जागा नाही. हे काम इसवीसनापूर्वीचे, म्हणजे हांगचौच्या डोंगरावर पहिली छिन्नी लागली त्याच्या हजार वर्षे आधीचे. नागपूरहून एसटीने दोन-अडीच तासांवर.

मुचलिंदाचे शिल्प बघून मन भरून येते हे खरे. पण आम्हाला पवनीत त्याहून मोठे वाटतात ते दानलेख. एका दगडावर विसमिता या बाईचे दान नोंदवले आहे आणि पुढे तिने इच्छा लिहवून घेतली आहे की हे सर्व सत्त्वांच्या सुखासाठी होवो. राजा नाही, राणी नाही, सरदार नाही. वैनगंगेकाठची एक बाई स्वतःच्या नावाने दगड देते आणि पुण्य स्वतःपुरते न ठेवता सगळ्यांना वाटून टाकते. दुसऱ्या एका लेखात पाच निकाय जाणणाऱ्या एका माणसाचा उल्लेख आहे आणि त्याचे नाव नाग. ज्यांना वाटते की नाग आणि धम्म यांचा संबंध बाबासाहेबांनी भाषणाच्या ओघात जोडला, त्यांनी पवनीच्या उत्खननाचा अहवाल उघडावा. १९७२ पासून तो छापील स्वरूपात आहे.

आणि तरीही पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या किती सहली थांबतात? अजिंठ्याला, सांचीला, बोधगयेला आपण बस भरून जातो. पवनी मात्र अनेकांना भंडारा जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव म्हणूनच माहीत.

खऱ्या अर्थाने डोंगरात कोरलेले बौद्ध काम पाहायचे तर नागपूरकरांना भद्रावती जवळ. जुने नाव भांदक. गावाजवळच्या विजासन टेकडीत लेणे आहे. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. डोंगरात सरळ आत जाणारी सुमारे ७१ फुटांची एक लांब दालनवाट, तिच्या टोकाला गाभारा आणि गाभाऱ्यात बैठकीवर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. उजवीकडे आणि डावीकडे अशाच दोन वाटा, त्यांच्याही टोकाला गाभारे आणि मूर्ती. चैत्यगृहाचा कमानदार थाट इथे नाही, रंग नाहीत, खांबांच्या रांगा नाहीत. अंधाऱ्या वाटेने चालत जायचे आणि शेवटी तथागतांसमोर उभे राहायचे, एवढीच योजना. आम्हाला ती फार आवडते. आज तिथे आपले उपासक-उपासिका वंदना घेतात. म्हणजे विजासनचा वारसा आपल्या लोकांनी चालता-बोलता ठेवला आहे. त्याच भद्रावतीत भद्रनागाचे मंदिर आहे आणि तिथे नागाची पूजा चालते, ही गोष्टही लक्षात ठेवावी.

सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात फिरला तेव्हा त्याने कोसल देशात नागार्जुनासाठी सातवाहन राजाने डोंगर कोरून विहार बांधून दिल्याची हकीकत लिहिली. इंग्रज अभ्यासकांपैकी काहींनी तो प्रदेश चांदा-भांदकच्या बाजूला शोधला, तर इतर अनेक जण छत्तीसगडकडे बोट दाखवतात. तो वाद चालू राहो. अजिंठ्याबाबत मात्र चिनी वही आणि आपला दगड एकमेकांना साक्ष देतात. ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन केले आहे आणि तो अचल नावाच्या अर्हताने उभारला असे लिहिले आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्याने अजिंठा पुन्हा जगापुढे आणला तेव्हा इथल्या एकाही ब्राह्मणी पोथीत ते नाव शोधून मिळाले नसते. मिळाले ते चीनच्या वहीत.

आता फेरफाराचा दुसरा प्रकार बघू. देवटेकला अक्षरे तासली गेली. इतर ठिकाणी छिन्नीची गरजही पडली नाही, नुसती नावे बदलली. नाशिकची लेणी झाली पांडवलेणी. राज्यभर जिथे कोरीव गुहा तिथे पांडव. वनवासातल्या पाच भावांनी एवढे खोदकाम केले असते तर त्यांना कौरवांशी लढायला हात उरले नसते. आमच्या नागपूर जिल्ह्यात मनसरच्या टेकडीला हिडिंबा टेकडी म्हणतात, म्हणजे भीमाच्या सासरालाही जागा मिळाली. ज्यांनी खरोखर दान दिले ते सोनार, कासार, बुरूड, धान्यव्यापारी, सुतार मात्र कोणाच्याच तोंडी नाहीत.

जुन्नरचे लेण्याद्री घ्या. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज तिथे आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून भाविक पोचतात ते एका विहारात. मोठे सभागृह, आत एकही खांब नाही आणि भोवती भिक्खूंच्या राहण्याच्या वीस खोल्या. सातव्या क्रमांकाचे हे लेणे, आणि त्याच्या मागच्या भिंतीत गणपती. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, आत स्तूप आहे, आणि लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान. जुन्नरच्याच डोंगरांतल्या लेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे, बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, इतकेच काय, दान देणारे यवनही आहेत. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकविरा आईचे मंदिर उभे आहे, आणि आतल्या लेखांत धेनुकाकटच्या सुताराचे नाव आहे.

इथे आमच्या तरुण मित्रांशी आमचा थोडा वाद आहे. एकविरेला येणारी कोळीण किंवा लेण्याद्रीला येणारा जुन्नरचा शेतकरी हा आपला शत्रू नाही. त्याने फेरफार केलेला नाही. त्यालाही तो सांगितलेलाच नाही. त्याच्याशी पायऱ्यांवर हुज्जत घालून व्हिडिओ टाकणे ही चळवळ नव्हे. तो माणूस ज्या सुताराच्या, कासाराच्या कुळातला आहे त्याच सुताराचे, कासाराचे नाव आतल्या भिंतीवर आहे, हे त्याला वाचून दाखवता आले पाहिजे. आमचा सवाल वेगळ्या लोकांना आहे. ज्यांच्या हातात फलक लावणे आहे, पाठ्यपुस्तक लिहिणे आहे, पर्यटनाची माहितीपत्रके छापणे आहे, त्यांना. अष्टविनायक यात्रेच्या पत्रकात 'हे मूळचे बौद्ध विहार आहे' हे एक वाक्य छापायला किती शाई लागते?

आणि कायदा काय म्हणतो तेही पाठ असू द्या. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याचे सोळावे कलम सांगते की संरक्षित स्मारक जर पूजास्थान असेल तर त्याच्या मूळ स्वरूपाशी विसंगत वापर करता येणार नाही. १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा लेण्यांबाबत पुढे केला जातो, पण त्याच कायद्याने १९५८ च्या कायद्याखाली येणारी प्राचीन स्मारके आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. निवेदन देताना हे दोन मुद्दे लिहा. 'आमच्या भावना दुखावल्या' एवढेच लिहिले तर भावनांच्या बाजारात आपला आवाज लहान पडतो. बोधगयेच्या महाविहाराचा लढाही शेवटी १९४९ च्या कायद्याशीच आहे. व्यवस्थापन समितीत निम्मे सदस्य बौद्धेतर आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी, ही त्या कायद्याची रचना. कलमाशी लढायचे तर कलम वाचावे लागते.

आता मनसर. हा विषय टाळून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या संस्थेच्या पुढाकाराने रामटेकजवळच्या मनसरला १९९७-९८ पासून उत्खनन झाले. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा या अनुभवी पुरातत्त्वज्ञांनी ते केले. मातीत गाडलेला विटांचा प्रचंड पसारा उजेडात आला याचे श्रेय भदंतांना आणि बौद्ध समाजाला आहे, हे कोणी नाकारू नये. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे स्तूप आणि विहाराचे अवशेष ओळखले. दुसरीकडे हान्स बाकर या डच अभ्यासकाने मांडले की हे दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाचे प्रवरेश्वर नावाचे शिवमंदिर आणि त्याची राजधानी प्रवरपूर. टेकडीवर शैव शिल्पे मिळाली आहेत. मनसरची एक सुंदर शैव मूर्ती तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपले काही वक्ते याला सरळ ब्राह्मणी कट म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. बाकर काय म्हणतो ते वाचून, विटांचे थर, मूर्तींच्या जागा, नाणी आणि मुद्रा यांच्या आधारे उत्तर द्यायला हवे. एकाच जागी आधी एक आणि नंतर दुसरे असू शकते. देवटेकची शिळा तेच तर शिकवते. मनसरला सगळे काही बौद्धच होते असा हट्ट धरला आणि उद्या एखादे शिवलिंग दाखवून कोणी तो खोडला, तर त्याच्याबरोबर पवनी आणि विजासनही संशयात ढकलले जातात. ज्याच्याकडे पवनीसारखा पक्का कागद आहे त्याने कच्च्या कागदावर दावा लावू नये.

बाबासाहेबांची रीत काय होती? २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना त्यांनी सांगितले की पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची आहे. एवढे बोलून ते थांबले नाहीत. हे आपण लिहून सिद्ध करणार आहोत, असेही म्हणाले. ते काम पूर्ण करायला आयुष्याने त्यांना अवधी दिला नाही. आपण मात्र त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा, म्हणजे लिहून सिद्ध करण्याचा, तसाच ठेवून दिला.

लिहिण्यासाठी दगड जागेवर असावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी भोन नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांचा प्राचीन स्तूप मिळाला. ही जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरण नको असे आम्ही म्हणत नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पाण्याची किंमत आम्ही शिकवू नये. पण बुडण्याआधी त्या जागेचा इंच न् इंच मोजला जावा, छायाचित्रे घेतली जावीत, अवशेष जिल्ह्यातच ठेवले जावेत, ही मागणी आपल्या किती मोर्चांच्या फलकांवर असते? देवटेकला छिन्नी होती, इथे पाणी आहे. पाण्याखाली तर फेरफार करणाऱ्याचे नावही राहत नाही.

आणि थोडे आपल्या माणसांविषयी. लेण्यांच्या भिंतीवर खडूने, ऑइलपेंटने 'जय भीम' लिहिणारे, प्रेमाच्या भरात मूर्तीला चकचकीत रंग फासणारे आपलेच असतात. ज्या भिंतीवर विसमितेसारख्या कोणा बाईचे नाव पुसट झाले आहे तिच्यावर आपले नाव लिहिणे आणि रुद्रसेनाने अशोककाळाच्या आज्ञेवर आपले धर्मस्थान कोरणे, यात छिन्नीच्या खोलीइतकाच फरक आहे. शिवाय तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यापेक्षा ब्राह्मी शिका. दोन रविवार पुरतात. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली ती कशी, हे वाचण्यासारखे आहे. सांचीच्या वेदिकेवर शेकडो छोटे लेख होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती. प्रिन्सेपला वाटले, देवस्थानाच्या कठड्यावर माणसे नावापुढे काय लिहितील? 'दानं'. तो अंदाज बरोबर निघाला आणि त्या दोन अक्षरांवरून बाकीची दारे उघडली. अशोकाचे नाव जगाला परत मिळाले ते कोणा राजाच्या प्रशस्तीतून नव्हे, तर साध्या माणसांनी दगडावर लिहवून घेतलेल्या दान या शब्दातून.

ब्राह्मीतला 'न' अगदी सोपा आहे. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह. पवनीला जाल, जुन्नरला जाल, कार्ल्याला जाल तेव्हा मोबाइलचा प्रकाश भिंतीवर समोरून न टाकता बाजूने टाका, म्हणजे खोदलेली अक्षरे सावली धरतात. ओळीच्या शेवटाकडे तो उलटा 'टी' शोधा. त्याच्या आधीचे अक्षर 'द' असेल, आणि त्याच्याही आधी कोणाचे तरी नाव.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या आपल्या गावाकडच्या मंडळींना एक दिवस जास्त काढून यायला सांगा. दीक्षाभूमीवरून अजब बंगल्याला, तिथून जमल्यास पवनीला. आधी चौकशी करा, कारण संग्रहालयाला सुट्टीचे दिवस असतात. सोबत वही आणि ब्राह्मीचा तक्ता ठेवा. देवटेकच्या शिळेसमोर उभे राहिलात की घाई करू नका. वरची अक्षरे कोणती, खालची कोणती, आणि मधली तासलेली जागा कुठून कुठपर्यंत आहे, हे आपापल्या वहीत उतरवून घ्या.